पत्र्याआडची रेहाना

साल दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं आणि खुब्याचं हाड मोडून मी मागच्या पडवीत खाटेवर पडून होतो. आमच्या पडवीच्या पलीकडे पत्र्याची एक आडभिंत आहे. त्या पत्र्यामागून रोज सकाळी एका बाईचा आवाज यायचा. "चल गं बाई, ऊठ. काल झोपलीस ती झोपलीस. आता तरी डोळे उघड." मला वाटायचं, पोरीला उठवतेय. एकदा सुनेला विचारलं, तर सुनंदा म्हणाली, "मामा, तिला कुठंय पोरगी? ती कॉम्प्युटरशी बोलती."

ती रेहाना. शेजारच्या सलीमची बायको. सलीमचा पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ होता आणि तालुकाभर तो लग्नांचं शूटिंग करत फिरायचा. शिमग्याच्या तोंडावर छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्यांच्यात नवरा गेला की बाईनं इद्दतीला बसायचं असतं. चार महिने आणि वर काही दिवस उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणजे मी हाडामुळं अडकलेलो, ती इद्दतीमुळं, आणि मधे पत्रा.

दहा वर्षांच्या शेजारात आम्ही चार शब्द धड बोललो नव्हतो. ईदेला शीरखुर्म्याचं भांडं यायचं, दिवाळीला फराळाचं ताट जायचं, तेवढीच ओळख. खरी ओळख झाली ती दोघं अडकल्यावर, आणि तीही एकमेकांचं तोंड न बघता.

"आप्पा, झोपला का?"

"झोपलोय."

"मंग बोलता कसं?"

"मला सवय हाय. सगळी हयात माईकवर बोलन्यात गेली."

ते खरंच होतं. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं समालोचन मी करतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण मैदानात उतरलेल्या पैलवानाचा आज्जा कोण, वस्ताद कोण, त्याचा हुकमी डाव कोणता, हे मला हातात कागद न घेता सांगता येतं. माझ्या हातातला माईक कुणी मागितलेला मला खपत नाही. आणि त्या वर्षापर्यंत तो मागायची कुणाची छातीही झाली नव्हती.

कोरोनानं दोन वर्षं जत्रा बंद होती. आता ती पुन्हा भरणार म्हणून गाव नुसतं उसळलं होतं. मैदान सगळ्या जगाला मोबाईलवर थेट दाखवायचं काम सलीमनं घेतलेलं आणि बोलायचं काम माझं. सलीम गेला, मी पडलो. मग जत्रा कमिटीचा बाजीराव माझ्या खाटेशी येऊन बसला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. यंदा नगरची पार्टी बोलावतो. कॅमेरेबी त्यांचे, बोलनारा बी त्यांचा."

मी काही बोलायच्या आत पत्र्यामागून आवाज आला. "बाजीरावभाऊ, आर्डर सलीमनी घेतलीय. घेतली म्हंजे घेतली."

बाजीराव दचकला. "वहिनी, पन सलीमभाई न्हाईत आता."

"मी हाय ना."

"तुमी तर भाईरबी निघत न्हाई. मैदानात कशा येनार?"

"मी न्हाई येनार. मैदान घरात आनते."

बाजीरावानं माझ्याकडं बघितलं. मीही काही समजलो नव्हतो, पण नगरच्या पार्टीपेक्षा ते मला बरं वाटलं. म्हणून म्हणालो, "बाई म्हनती ते कर." ईदेच्या आधी तालमीत चाचणी घ्यायची आणि जमलं तर काम आमचं, असं ठरलं.

तिला ते का जमवायचं होतं ते मला नंतर कळलं. तिचा थोरला भाऊ इक्बाल नेवाश्याला असतो. माणूस वाईट नाही, बहिणीची काळजी करणारा. इद्दत संपली की कॅमेरे विकायचे, स्टुडिओला कुलूप लावायचं आणि रेहानाला नेवाश्याला न्यायचं, असं त्याचं ठरून गेलं होतं. एकट्या बाईला शूटिंगला कोण बोलावणार, हे त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं एवढंच, की जत्रा होऊ दे. जत्रेचं काम झालं तर सलीमचा स्टुडिओ राहील. नाही झालं तर तो म्हणेल तसं.

तिनं काय केलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. मैदानाच्या चार बाजूंना चार माणसं आपापला मोबाईल घेऊन उभी करायची. ती त्यांना व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवणार. तिच्यावर बोट ठेवलं की त्या मोबाईलचा कॅमेरा होतो आणि त्याचं चित्र थेट हिच्या स्वयंपाकघरात येतं. तिथं चारी चित्रं तिच्यासमोर उघडी. कुठलं दाखवायचं ते ती ठरवणार आणि तेच पुढं यूट्यूबवर जाणार. मी खाटेवर फोनमधून बोलायचं. माझा आवाज आधी तिच्याकडं, तिथून मैदानातल्या एका फोनमध्ये आणि त्या फोनमधून कर्ण्यात. आम्ही दोघं घरात आणि काम सगळं ओढ्याकाठच्या मैदानात.

हे करण्याआधी तिनं एक गोष्ट केली, ती मला पटली नव्हती. सलीमच्या कॉम्प्युटरमधले सगळे प्रोग्राम तिनं पुसून टाकले. मी म्हणालो, "चालू गाडीचं इंजिन का काढतेस?"

"आप्पा, ते चोरीचं हुतं. समदेच तसं वापरत्यात, सलीमबी वापरायचा. पन मानूस गेल्यावर त्याच्याकडं कुनाचं काय राहिलं असंल तर ते घरच्यांनी मिटवायचं असतं. हेबी कुनाचं तरीच की, न इचारता घेतलेलं."

"मंग आता?"

"आता उघड्या दाराचं वापरते. देशोदेशीच्या लोकांनी खपून बनवलंय आन् दार उघडं टाकलंय. या, वापरा, आत काय हाय ते खोलून बघा."

"फुकट?"

"फुकट. पन कष्टाचं."

कष्टाचं होतंच. रोजे सुरू झाले तरी ती दिवसभर त्याच्याशी झगडायची. पत्र्यामागून कधी हसू यायचं, कधी "अल्ला, ह्याला काय झालं आता" असं यायचं. अडलं की ती जगातल्या कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना लिहून विचारायची. परदेशातला कुणी एक तिला उत्तरं द्यायचा. त्याला ती 'चष्मेवाले भाईजान' म्हणायची, कारण फोटोत त्याला चष्मा होता. आणि आपल्याला कळलेलं ती लगेच मराठीत लिहून तिथंच ठेवायची, पुढच्या माणसासाठी. मी म्हणालो, हा उद्योग कशाला? ती म्हणाली, "फुकट जेवलं की निदान आपलं ताट तरी धुवून ठेवावं."

बिघाडाचा तिला राग यायचा नाही, हे मला नवल वाटायचं. मी माणूस चिडका. एकदा सकाळपासून जमवलेलं सगळं संध्याकाळी कोसळलं, चारी चित्रं काळी. मी पत्र्यावर काठी आपटली. ती शांतपणे म्हणाली, "बरं झालं आजच बिघडलं. जत्रंदिवशी बिघडायचं ते बिचारं आधी येऊन सांगून गेलं."

चाचणीच्या दिवशी पहिली अडचण हलगीवाल्यानं केली. चार मोबाईलची चित्रं थोडी मागंपुढं येतात, ती एका ओळीत आणायला तिला एक खूण लागत होती. तिनं फोनवरून सांगितलं, "काका, मधोमध उभं राहून फकस्त एक ठोका मारा." हलगीवाला मधोमध उभा राहिला आणि पैलवानाला मैदानात आणायचा सगळा कडकडाट त्यानं वाजवला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी तो फोनवर म्हणाला, "ताई, मैदानात एकच ठोका मारायचा म्हंजे पैलवानाचा अपमान हाय. माझ्या हातनं न्हाई व्हायचा." दुसरी कुणी असती तर वाद घालत बसली असती. ही म्हणाली, "बरं काका, तुमी पोटभर वाजवा. तुमचा शेवटचा ठोका मी धरते." आणि तिनं तो धरला, चारी चित्रं जुळली.

मग माझी बारी. तिनं मला बजावलं होतं की मोबाईलवर जे चित्र येईल ते बघून बोला. आता मोबाईल म्हणजे केवढा? त्यात पैलवान मुंगीएवढा. सुनंदानं माझे हाल बघितले आणि घरातला टीव्ही लावून दिला. टीव्हीवर यूट्यूबचं तेच मैदान मोठंच्या मोठं दिसायला लागलं. मी खूश. टीव्ही बघून बोलायला लागलो. "लाल लांगेचा पैलवान झुकलाय, आता पट काढनार, काढनार..." आणि फोनमधून मला लोकांचं हसू ऐकू आलं. हसू थांबेना. काय झालं होतं, की लाल लांगेवाला पट काढून, समोरच्याला चीत करून, अंगावरची माती झाडून घरी निघाला होता आणि मी अजून त्याला झुकवत होतो. यूट्यूबचं चित्र बऱ्याच उशिरानं येतं म्हणे. ते मला कुणी सांगितलं होतं? चूक टीव्हीची होती, हे मी आजही म्हणतो.

बाजीराव संध्याकाळी आला आणि उभ्या उभ्याच बोलला. "आप्पा, लोक म्हनले, आप्पा मागच्या जत्रंचं सांगत्यात का काय."

मी फोन खाटेवरून भिरकावून दिला. म्हणालो, मी पुन्हा तोंड उघडणार नाही, बोलव तुझ्या नगरवाल्यांना. बाजीराव ते बोलावणारच होता. पत्र्याआडून रेहाना त्याला म्हणाली, "दुपारच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या तरी आमच्याकडं ठेवा. त्या बिघडल्या तर तुमी म्हनाल ते. पन नीट झाल्या तर शेवटची मोठी बी आमचीच." बाजीराव भिडस्त. नगरच्या पार्टीला हाताशी ठेवून तो हो म्हणाला.

तो गेल्यावर मी तोंडावर टॉवेल टाकून पडलो.

"आप्पा, रुसला का?"

मी काठीनं पत्र्यावर एक ठोका दिला.

"टीव्हीवरलं शिळं असतं. मी तुमाला ताजं पाठवत हुते, तव्यावरलं. तुमी शिळं खाल्लं."

"ताजं माशीएवढं हुतं. दिसतंय कुनाला?"

तिनं दाराकडून सुनंदाला हाक मारली. सुनंदा दोन्ही हातांत कॉम्प्युटरचा एक मोठा पडदा घेऊन आली. सलीम ज्याच्यासमोर बसून लग्नाच्या कॅसेटी कापायचा तो. त्याच्या कडेला सलीमच्या अंगठ्याचा डाग तसाच होता. सुनंदानं पुसायला फडकं घेतलं तर पत्र्याआडून आवाज आला, "काच पुस, कड नको पुसू." त्यानंतर ती स्वतः एका लहानशा लॅपटॉपवर काम करत राहिली आणि माझ्या खाटेसमोर सलीमचा पडदा उभा राहिला. आता रुसून चालणार नव्हतं.

रमजान ईद झाली आणि आठवड्याच्या आत जत्रा भरली. बारक्या पोरांच्या कुस्त्या सुरळीत गेल्या. चित्र ताजं, माझा आवाज बरोबर पडत होता. मैदानातून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मला हाडाचं दुखणं आठवेना. बाजीरावाचा निरोप आला, मोठी कुस्ती तुमचीच.

मोठ्या कुस्तीला गाव लोटला. जो तो मोबाईल काढून उभा, आणि त्या गर्दीत गावभरच्या नेटवर्कचा जीव गेला. हस्तांदोलन झालं, पैलवान भिडले आणि माझ्या समोरचं चित्र थिजलं. दोन पैलवान डोक्याला डोकं लावून नुसते उभे. मी बोलायचा थांबलो. कर्णा गप्प. सगळं मैदान गप्प कर्ण्याकडं बघत असणार, हे मला खाटेवर जाणवलं.

कानात रेहाना बोलली, अगदी हळू. "आप्पा, तुमचं चित्र गेलं. माझ्याकडं एकच राहिलंय, मैदानाशेजारच्या शाळेच्या वायफायवरलं. तुमच्याकडं चित्र येत न्हाई, पन आवाज येतोय. आवाज हलका, बारक्या फटीतनंबी जातो. मी बघते, तुमी बोला."

"तुला कुस्तीतलं काय कळतंय?"

"काय न्हाई कळत. दिसंल ते सांगते."

आणि ती सांगायला लागली. तिचं सांगणं फक्त माझ्या कानात, माझं बोलणं साऱ्या मैदानात.

"निळ्यानं लालचा एक पाय धरलाय. कोंबडी धरत्यात ना, तसा."

मी बोललो, "निळ्या लांगेचा पैलवान एकेरी पटात घुसला!"

"लाल पालथा पडला. निळा त्याच्या पाठीवर गेला, उठू देईना."

"निळ्यानं कब्जा घेतला! लाल पैलवान, घाई करू नको, मान सांभाळ!"

"लाल सरकतोय, जातं सरकावं तसा, गोल गोल. आता... थांबा... लाल सुटला आप्पा, सुटला, उभा राहिला."

असं कितीतरी वेळ चाललं. ती पदराची गाठ, पिठाचा गोळा, आडातली बादली असलं काहीबाही सांगायची आणि मी त्यातून डाव काढायचो. दोनदा मला काही समजलं नाही, तेव्हा मी पैलवानाच्या वस्तादाचं कौतुक करून वेळ काढला. मग तिचा आवाज बदलला.

"आप्पा, लालनं त्याची मान आन् पाय एका जागी आनलेत. आवळतोय. सरपनाचा भारा आवळावा तसा."

"मोळी! मोळी बांधली!"

"वळवतोय... एक खांदा टेकला... आप्पा, दोन्ही टेकले."

मी म्हणालो, "चितपट!" आणि कर्ण्यातला माझा शब्द आणि मैदानाची आरोळी एकाच वेळी उठली. त्या आरोळीत तिचा आवाज बुडाला. आरोळी निवल्यावर ऐकलं तर ती रडत होती. सलीम गेल्यापासून पत्र्याआडून रडणं मी ऐकलं नव्हतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

बाजीराव गुलाल घेऊन आला. थोडा मला लावला, थोडा पत्र्याशी पानावर ठेवला. मी न बघता बोललो हे मैदानातल्या कुणालाही समजलं नव्हतं.

त्यानंतर स्टुडिओ चालला. उन्हाळ्यातल्या लग्नांना लोक लांबून बोलवायला लागले. कुठं अकोले तालुक्याच्या डोंगरात लग्न, कॅमेरे लग्नघरच्याच भावांच्या हातात, चित्र आमच्या गल्लीतून जगभर. पाहुण्यांचं स्वागत आणि मानपानाची नावं पुकारायला ती मला बसवायची. इद्दत संपली, ती बाहेर पडली, मी काठीवर चालायला लागलो. तरी आमचं बोलणं पत्र्याआडूनच व्हायचं. समोरासमोर आलो की ती डोक्यावरून पदर ओढून घ्यायची आणि मी काठी टेकत पुढं निघायचो.

दिवाळीनंतर तिची आई आजारी पडली आणि इक्बाल आला. आता त्याची भाषा निराळी होती. स्टुडिओ बंद कर असं तो म्हणालाच नाही. म्हणाला, "रेहाना, अब तो घर बैठे सब होता ना? फिर नेवाशे में बैठ के कर. अम्मी के पास."

कुठूनही करता येतं हे तिनंच सगळ्या गावाला दाखवलं होतं. आई तिची, काम तिचं, दोन्ही एका जागी येत होतं. मला ते कळत होतं. पण कळलं म्हणून कुणी कबूल करतं का?

टेम्पोत सामान चढल्यावर ती आमच्या दारात आली. "आप्पा, जायचा परवाना द्या."

"माझा कशाला? भावाचा घेतलास ना."

"उद्या अकोल्याचं लगीन हाय. नेवाश्यातनं लाईन जोडते. मानपान तुमीच घ्यायचा."

"बोलनाराबी नेवाश्यातलाच बघ की. तिकडं काय तोंडं न्हाईत लोकांना?"

सुनंदाच्या हातात तिनं शीरखुर्म्याचं भांडं दिलं. ईद नव्हती तरी केला होता. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत, एवढंच केलं.

"लाईन जोडीन," ती म्हणाली. "बोलला तर बोला. न्हाई बोलला तर नुसता बँड ऐकवीन लोकांना. तुमच्या जागी दुसरं कुनी बसवनार न्हाई."

टेम्पो गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून दाढी केली, कडक पाण्यानं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि सुनंदाला पेटीतला फेटा काढायला सांगितला. ती म्हणाली, "मामा, कॅमेरा तुमच्यावर न्हाई. तुमी कुनाला दिसनार न्हाई."

"म्हाईत हाय," मी म्हणालो आणि फेटा बांधून फोनसमोर बसलो. लाईन जुळली. डोंगरातला मांडव दिसला, धुकं होतं, माणसं शेकत उभी होती. नेवाश्याहून रेहाना म्हणाली, "आप्पा, ऐकू येतंय का?" मी थेट मांडवातल्या सगळ्यांना राम राम घातला. मग वरपक्षाकडच्या मानकऱ्यांची नावं घ्यायच्या आधी, त्या मांडवात जिला कुणी ओळखत नव्हतं, त्या रेहाना सलीमचं नाव मानपानात पहिलं पुकारलं.